लोड नेमका कुणाचा, कुणावर?

सांगलीच्या मार्केट यार्डापासून पाटणच्या वाड्यावस्त्यांपर्यंत कुठंही जा, 'लोड' कानावर पडतोच. वायरमनचा लोड वेगळा, ट्रकवाल्याचा वेगळा, इंजिनिअरचा वेगळा आणि एमपीएससीच्या पोरांचा तर फारच वेगळा. घोटाळा होतो तो 'ओझं' या एकाच अर्थावर अडून बसल्यामुळं.

विजेच्या भाषेत जे वीज खातं ते लोड. डीपीच्या, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या, लेखी मोटर हा लोड, मोटरीच्या लेखी पंप हा लोड आणि पंपाच्या लेखी पाणी. त्यामुळं "लोड वाढलाय" असं कुणी म्हटलं की आधी विचारायचं, कुठं वाढलाय?

५ एचपीची थ्री फेज मोटर ४१५ व्होल्टला, पूर्ण लोडवर, साधारण ७ ते साडेसात अँपिअर घेते. नेमका आकडा मोटरीच्या प्लेटवर असतो आणि तोच खरा धरायचा. डीओएल, म्हणजे मोटर थेट लाइनवर उठवणारा, स्टार्टर असेल तर ओव्हरलोड रिलेची, म्हणजे करंट जादा झाला की मोटर बंद करणाऱ्या भागाची, डायल त्या आकड्यावर ठेवायची. स्टार डेल्टा, म्हणजे आधी कमी व्होल्टेजवर उठवून मग पूर्ण व्होल्टेज देणारा, असेल आणि रिले वायंडिंगच्या रांगेत जोडलेला असेल, तर त्यातून लाइनच्या करंटचा ०.५८ भागच जातो. म्हणजे ७.५ एचपीची मोटर लाइनवर ११ अँपिअर घेत असेल तर डायल ६.४ च्या आसपास हवी. ती सरळ ११ वर ठेवली की रिले असून नसल्यासारखा. मोटर जळते आणि बोल लावला जातो वायंडिंगवाल्याला.

स्टार्टर सारखा ट्रिप मारायला लागला की डायल वाढवायची, ही खोड तर गावोगावी आहे. रिले ट्रिप होतो त्याला कारण असतं. व्होल्टेज ३५० वर आलं असेल तर तेवढंच पाणी उपसायला मोटर साडेआठ अँपिअरपर्यंत घेते. एक फेज गेला आणि मोटर दोन फेजवर चालत राहिली तर उरलेल्या दोन्हीत करंट पावणेदोन पटीच्या आसपास जातो. बेअरिंग धरलं, इंपेलर घासायला लागला, तरी तेच. यातलं एकही दुखणं डायल फिरवून बरं होत नाही.

आता यातली उलटी गोष्ट. साध्या सेंट्रिफ्यूगल पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद केला की लोड वाढेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो कमी होतो, कारण पाणीच उचललं जात नाही. आणि मधे कुठं पाइप फुटली तर पंपाला वर चढवायचं कमी उरतं, पाणी भरमसाट सुटतं आणि मोटर अँपिअर जास्त खाते. म्हणून मोटर चालू करताना व्हॉल्व्ह बराचसा बंद ठेवून मग हळूहळू उघडतात. पूर्ण बंद ठेवून मात्र फार वेळ चालवायची नाही, आतलं पाणी तापतं आणि सील जातं. तिसरी भानगड विहीर आटल्याची. पंप कोरडा फिरायला लागला की लोड उतरतो, त्यामुळं ओव्हरलोड रिले ढिम्म हलत नाही. तिथं कमी करंटवर बंद करणारा ड्राय रन प्रिव्हेंटर लागतो. हा ओव्हरलोडचा नाही, अंडरलोडचा आजार आहे. यंत्राला लोड नसणंही घातक असतं, हे पुष्कळांच्या पचनी पडत नाही.

डीपीकडं वळलं की हिशेब बदलतो. डीपीची ताकद केव्हीएत मोजतात आणि ५ एचपीची एक मोटर म्हणजे साधारण साडेपाच केव्हीए. म्हणजे ६३ केव्हीएच्या डीपीवर ११ आणि १०० वर १८ मोटरी, तेही कुणी तारेवर चोरून आकडे टाकले नाहीत तर. खरा मार बसतो लाइट आल्यावर. ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या मोटरी एकदम उठतात, डीओएलवर प्रत्येक मोटर उठताना नेहमीच्या सहा पटीपर्यंत करंट ओढते, व्होल्टेज बसतं आणि एकही मोटर धड वेग घेत नाही. डीपी न जळता नुसता फ्यूज उडाला तर नशीब समजायचं. ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा असं महावितरण सांगत असतं ते यासाठीच. ३ एचपीला १ केव्हीएआर (कपॅसिटरचं माप), ५ ला २, साडेसातला ३ एवढा कपॅसिटर पुरतो. कपॅसिटरमुळं मोटरीचं काम कमी होत नाही, पण लाइनवरचा आणि डीपीवरचा फुकटचा करंट उतरतो. बिलावर 'मंजूर भार' लिहिलेलं असतं तो म्हणजे सँक्शन लोड. पेपरात छापून येणारं 'भारनियमन' म्हणजे लोडशेडिंग. मराठी शब्द चांगले आहेत, पण बांधावर उभं राहून "आज भारनियमन आहे" असं म्हणणारा माणूस शोधून सापडायचा नाही.

याच साखळीचं वरचं टोक सातारा जिल्ह्यात आहे. संध्याकाळी घराघरांत दिवे, पंखे, मिक्सर एकदम सुरू होतात, त्याला पीक लोड म्हणतात, यातलं पीक म्हणजे शिखर, शेतातलं नव्हे. कोळशाचं केंद्र एवढ्या झपाट्यानं वरखाली करता येत नाही, पाण्याची टर्बाइन काही मिनिटांत चढते. म्हणून १,९६० मेगावॅटचं कोयना पीक लोडसाठी राखून वापरतात. शिवसागर जलाशय सह्याद्रीच्या अलीकडं आणि मुख्य वीजघरं पलीकडं चिपळूणच्या बाजूला. पश्चिमेकडं वळवलेलं पाणी कृष्णेत परत येत नाही, त्यामुळं कृष्णा लवादानं त्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे. मुंबईचा संध्याकाळचा लोड आणि सांगलीच्या नदीचं पाणी यांचा संबंध असा थेट आहे.

लग्नाच्या हॉलवरच्या जनरेटरवर २५ केव्हीए लिहिलेलं असतं ते २५ किलोवॅट नव्हे. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला प्रत्यक्ष कामी येणारा भाग, ०.८ धरून २० किलोवॅट. चालू करून व्होल्टेज स्थिर झालं की मग 'लोडवर घ्यायचा' आणि बंद करण्याआधी लोड काढून चार-पाच मिनिटं मोकळा चालवायचा. तीस टक्क्यांच्या खाली तासन् तास चालवला तर डिझेल नीट जळत नाही आणि सायलेन्सरमधून काळं चिकट तेल गळायला लागतं.

ट्रकवाल्याला मात्र लोड हवाच असतो. "लोड मिळंना" म्हणजे भाडं मिळत नाही. तासगावचा बेदाणा किंवा सांगलीची हळद घेऊन मुंबईला गेलेली गाडी रिटर्न लोडसाठी दोन दिवस थांबली की जायचा फायदा डिझेलभत्त्यात जिरतो. 'लोड गाडी' म्हणजे भरलेली गाडी, "लोड गाडी हाय, साइड दे" यातली. 'पार्ट लोड' म्हणजे चार व्यापाऱ्यांचा माल एकाच गाडीत. आणि 'पासिंग' म्हणजे किती माल भरायची परवानगी आहे ते. इथं नेहमी गल्लत होते. २०१८ च्या जुलैत दोन ॲक्सलच्या ट्रकची मर्यादा १६.२ वरून १८.५ टन झाली, ती गाडीच्या स्वतःच्या वजनासकट. रिकामी गाडी काट्यावर जेवढी भरेल तेवढं त्यातून वजा करायचं, मग उरतं ते पासिंग. १५ किलोच्या बेदाण्याच्या पेट्या दहा टनांत साडेसहाशेच्या आसपास बसतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा दंड आहे. पण वजन मर्यादेत असूनही गाडी वाईट लोड झालेली असू शकते. सगळा माल मागं रेटला की पुढचा ॲक्सल हलका होतो आणि स्टिअरिंग हातात तरंगायला लागतं. खंबाटकीच्या उतारावर लोड गाडी न्यूट्रल करणाऱ्याबद्दल काय बोलावं!

बांधकामात डेड लोड आणि लाइव्ह लोड. यातला लाइव्ह म्हणजे विजेचा जिवंत नव्हे. माणसं, कपाटं, पाहुणेरावळे असं जे येतं-जातं ते. राहत्या खोलीला चौरस मीटरला २०० किलो धरतात. पाच इंची स्लॅबचं स्वतःचंच वजन चौरस मीटरला ३१० किलोच्या पुढं जातं, तो डेड. गच्चीवर नंतर सुचलेली १,००० लिटरची टाकी म्हणजे नुसतं पाणीच एक टन, आणि ते दीड चौरस मीटरपेक्षाही कमी जागेत. ती स्लॅबच्या मधोमध ठेवायची नाही, खाली कॉलम किंवा निदान बीम असेल तिथं ठेवायची. जुन्या लोडबेअरिंग घरात तर भिंतच कॉलमचं काम करत असते. हॉल मोठा करायचा म्हणून ती पाडायला घेतलेल्या कंत्राटदाराला आधी नकाशा मागावा.

बाकीचे लोड पटकन सांगून टाकतो. वॉशिंग मशीनवरचे ७ किलो हे सुक्या कपड्यांचे. म्युच्युअल फंडात पैसे घालतानाच कापला जाणारा 'एंट्री लोड' सेबीनं ऑगस्ट २००९ पासून बंद केला, 'एक्झिट लोड' अजून आहे, बऱ्याच इक्विटी फंडांत वर्षाच्या आत पैसे काढले तर १ टक्का. सातबाऱ्याचं पान 'लोड होईना' हे सगळ्यांना ठाऊक आहेच. इंग्रजीत पैसेवाल्यालाही 'लोडेड' म्हणतात आणि खोच दडवलेल्या प्रश्नालाही. हे दोन्ही अर्थ आपल्याकडं आले नाहीत. पैसेवाल्याला आपण 'तगडी पार्टी' म्हणतो.

उलट आपण एक अर्थ तयार केला, "लोड घेऊ नको." इंग्रजीत तो असाच्या असा सापडत नाही. मोटर लोड घेते तो नाइलाजानं, माणूस घेतो तो जणू स्वतःहून, म्हणून त्याला 'घेऊ नको' सांगता येतं. "डोक्याला लोड झालाय" मधे दोष कामाचा, "लोड घेतलाय" मधे दोष घेणाऱ्याचा. कारखान्यातला सुपरवायझर दुसरं वाक्य वापरतो, कामगार पहिलं.

आणि आपला स्वतःचा लोड राहिलाच, गादीवर तक्क्यांबरोबर असतो तो. दिसायला शब्द सारखाच, पण बोलताना घोटाळा होत नाही, कारण त्याचं सामान्यरूप होतं ('लोडा-') आणि इंग्रजीतून आलेल्या पाहुण्या शब्दाचं सहसा होत नाही. आजोबा लोडाला टेकतात, जनरेटर लोडवर चालतो. लोडाची खोळ धुवायला काढतात, लोडची गाडी घाटात थांबवतात.