हरलेल्या डावांची वही

नागपुरात बुद्धिबळाचा विषय निघाला की दुसरं वाक्य दिव्या देशमुखचं असतं आणि तिसरं वाक्य म्हणजे प्रश्न: "ती ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या चालींची ठरलेली पद्धत) कोणतं खेळते?" जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत तिने कोनेरू हंपीला हरवलं. त्यातले दोन्ही क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे, डाव बरोबरीत सुटले होते. निकाल लागला तो कमी वेळाच्या, रॅपिडच्या दुसऱ्या डावात, तोही ओपनिंग केव्हाच मागे पडल्यावर. तरी प्रश्न ओपनिंगचाच. माझंही तेच चाललं होतं, म्हणून हे लिहितोय. नोकरी सांभाळून, पस्तिशीनंतर, कोऱ्या पाटीवरून पहिल्या फिडे रेटिंगपर्यंत (जागतिक बुद्धिबळ संघटना देते त्या ताकदीच्या आकड्यापर्यंत) जाताना काय उपयोगी पडलं आणि वेळ कुठे वाया गेला, एवढंच सांगतो.

वाया गेला तो आधी. पहिले सहा महिने व्हिडिओ बघून सिसिलियन या काळ्याच्या ओपनिंगच्या शाखा पाठ करण्यात गेले. या पातळीवर समोरचा पाचव्या-सहाव्या चालीलाच पुस्तकाबाहेर जातो. मग पाठ केलेल्या बाराव्या चालीचं काय लोणचं घालायचं? शेवटी पांढऱ्यासाठी इटालियन ओपनिंग, काळ्याकडून ई४ ला ई५ आणि डी४ ला डी५ (ई४ म्हणजे ई स्तंभातलं चौथ्या रांगेचं घर), एवढ्यावर थांबलो. पाठ करायचं ते फक्त जिथे चुकलं की डावच जातो तिथलं. इटालियनमध्ये काळ्याने दोन्ही घोडे बाहेर काढले आणि पांढऱ्याचा घोडा जी५ वर आला, की काळा डी५ करतो आणि पांढरा प्याद्याने ते प्यादं मारतो. आता डी५ वरचं प्यादं घोड्याने परत मारायचा मोह होतो. मारलं की पांढरा घोडा एफ७ वर बळी जातो, राजा उघड्यावर येतो आणि बचाव पटावर बसून शोधणं अवघड असतं. त्याऐवजी सी६ वरचा घोडा ए५ वर नेऊन सी४ वरच्या उंटाला हात घालायचा. एक प्यादं जातं, पण खेळ उरतो. अशा आठ-दहा जागा पक्क्या केल्या आणि ओपनिंगचा अभ्यास बंद केला.

त्यानंतर खरं काम वहीत झालं. साधी शंभरपानी वही, तीत फक्त हरलेले डाव. स्पर्धेत स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहायचा कागद, मिळतेच. घरी किंवा ऑनलाइन खेळलेला डावही १५ मिनिटांपेक्षा कमी वेळाचा असेल तर वहीत घेत नव्हतो, कारण त्यातल्या चुका हाताच्या असतात, डोक्याच्या नसतात. डाव उतरवला की इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) न लावता अर्धा-पाऊण तास पटावर पुन्हा मांडायचा. मला तेव्हा काय वाटत होतं ते प्रत्येक वळणाच्या चालीपुढे पेन्सिलने लिहायचं. "इथे हल्ला आहे असं वाटलं." "इथे उंट दिसलाच नाही." हे त्याच संध्याकाळी लिहिलं नाही तर दुसऱ्या दिवशी मन सोयीस्कर गोष्ट रचतं.

इंजिन त्यानंतर. कोण किती प्याद्यांनी पुढे आहे हे सांगणाऱ्या त्याच्या प्रत्येक आकड्यामागे धावायचं नाही. अर्ध्या-पाऊण प्याद्याचे चढउतार आपल्या खेळात कुणालाच कळत नाहीत. आकडा पहिल्यांदा दीड-दोनने कोसळतो ती चाल शोधायची आणि तिथेच थांबायचं. इंजिनने सुचवलेली चाल पटली नाही, तर आपल्याला पटणारं उत्तर समोरून खेळून बघायचं आणि इंजिन त्याला कसं पाडतं ते पाहायचं. नुसतं "बेस्ट मूव्ह" वाचून मान डोलावली तर पुढच्या आठवड्यात तीच चूक हजर.

प्रत्येक कोसळण्याला एक शिक्का द्यायचा: धमकी दिसली नाही, हिशेब अर्धवट राहिला, काय करायचं सुचलं नाही, अंतिम टप्पा येत नव्हता, घड्याळ. वीस डाव झाल्यावर मोजलं तर निम्म्याहून जास्त शिक्के पहिल्या खान्यात होते. आधी मला विचारलं असतं तर "माझं पोझिशनल (सोंगट्यांच्या मांडणीची समज) कच्चं आहे" असं ऐटीत सांगितलं असतं.

त्या खान्यातही तेच ते तीन प्रकार होते. समोरच्याचा उंट लांबच्या कर्णावरून मागे सरकत मारतो, ते नजरेतून सुटतं. एकच सोंगटी दोन कामं करत असते, तिला एका कामावरून ओढलं की दुसरं उघडं पडतं. आणि मारामारी झाली की एक रेघ मोकळी होते, हे आपण मारण्याच्या नादात बघत नाही. "नीट लक्ष दे" म्हणून यातलं काहीच सुधारत नाही. सुधारलं ते विचारण्याच्या क्रमाने. समोरच्याने चाल केली की आधी ती सोंगटी जिथून आली ते घर बघायचं: तिने काय राखणं सोडलं, मागची कुठली रेघ उघडली? मग ती जिथे गेली ते घर. त्यानंतर आपली चाल मनात ठरवायची आणि हात लावण्याआधी त्याच्या बाजूने बघायचं: सगळे शह, सगळ्या मारामाऱ्या, मग धमक्या, याच क्रमाने. याला वीस-तीस सेकंद लागतात. पहिले दोन महिने हे ओझं वाटतं आणि घड्याळही मागे पडतं. नंतर डोळा आपोआप फिरतो.

जुने खेळाडू सांगतात, "आधी चाल कागदावर लिही, मग खेळ." आता नियमाने ते चालत नाही. चाल केल्यावरच लिहायची, नाहीतर पंच टोकतात.

कोडी मी मेट्रोत सोडवायचो. खापरीहून सीताबर्डीपर्यंतच्या प्रवासात चार-पाच होतात. त्याहून जास्त झाली तर समजायचं की आपण अंदाजाने बोट टेकवतोय. लिचेस या संकेतस्थळावर ही कोडी फुकट आहेत आणि विषयवारही लावता येतात. माझा नियम एवढाच होता: शेवटच्या चालीपर्यंतचा क्रम मनात पूर्ण झाल्याशिवाय पहिल्या चालीला हात लावायचा नाही. चुकलेली कोडी वेगळी ठेवून दर रविवारी पुन्हा. कोड्यांचा एक तोटा मात्र लवकर लक्षात येत नाही. कोडं समोर आलं की इथे काहीतरी आहे हे आधीच कळलेलं असतं. डावात अशी घंटा कुणी वाजवत नाही. म्हणून हरलेल्या डावांतल्या साध्या, शांत स्थिती काढायच्या आणि "समोरच्याला आत्ता एक जादा चाल मिळाली तर तो काय करेल?" एवढंच विचारायचं. कोड्यांपेक्षा मला याचा फायदा जास्त झाला.

आता अंतिम टप्पा. बहुतेक जण तो कंटाळवाणा म्हणून टाळतात. मी उलट म्हणेन, नोकरीवाल्या माणसाने सगळ्यात आधी इथे वेळ घालावा, कारण हे एकदा शिकलं की जुनं होत नाही.

सुरुवात राजा-प्याद्याची. पांढरा राजा ई६, प्यादं ई५, काळा राजा ई८: चाल कुणाचीही असो, पांढरा जिंकतो. सगळं एक घर मागे घ्या. राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७. आता चाल काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो, पांढऱ्याची असेल तर बरोबरी. हा फरक बोटांत बसेपर्यंत दोन्ही बाजूंनी खेळायचा. कडेचं प्यादं, म्हणजे ए किंवा एच स्तंभातलं, असेल तर हा हिशेब चालत नाही. बचावाचा राजा कोपऱ्यात पोचला की बरोबरी. चौकोनाचा नियमही इथलाच. बी४ वरचं प्यादं एकटं पळत असेल तर बी४, बी८, एफ८, एफ४ असा चौकोन मनात काढायचा. काळ्याची चाल असताना त्याचा राजा त्यात पाय ठेवू शकला तर प्यादं सापडतं. प्यादं अजून मूळ घरावर असेल तर चौकोन तिसऱ्या रांगेपासून धरायचा, कारण ते पहिल्याच उडीत दोन घरं जातं. इथे पुष्कळ जण फसतात.

मग हत्ती. प्रत्यक्ष डावांत सगळ्यात जास्त वेळा हत्ती-प्याद्यांचेच अंत येतात. दोन स्थिती पाठच हव्यात. एक जिंकण्याची, लुसेनाची: पांढरा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१, काळा राजा ई७, हत्ती एच२. राजा प्याद्यापुढे अडकलाय आणि बाहेर आला की मागून शह बसत राहतात. उपाय म्हणजे पूल बांधणं. हत्तीने ई१ वरून शह, काळा राजा डी७, आणि आता हत्ती ई४ वर. ही चाल पाहिली नसेल तर सुचत नाही. काळा हत्ती एच१ वर थांबतो. राजा एफ७, शह, जी६, शह, एफ६, शह, जी५, आणि जी१ वरून शह आला की हत्ती जी४ वर मध्ये घालायचा. शह संपले, प्याद्याचा वजीर. हत्ती चौथ्याच रांगेत का? कारण राजा खाली उतरून त्याच्या शेजारी पोचतो तेव्हाच शह अडवता येतो.

दुसरी बचावाची, फिलिडोरची. आपला राजा प्याद्याच्या वाटेत, शेवटच्या रांगेत. आपला हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या रांगेत ठेवून नुसता डावी-उजवीकडे सरकवत राहायचा, म्हणजे समोरच्या राजाला पुढे येता येत नाही. त्याने प्यादं त्या रांगेत ढकललं की लगेच हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह द्यायचे. प्यादं पुढे गेल्यामुळे राजाला त्याच्या आडोशाला लपता येत नाही. चूक होते ती घाईची. प्यादं ढकलण्याआधीच हत्ती मागे पळवला की त्याच्या राजाला आडोसा शिल्लक असतो.

घड्याळाबद्दल एकच हिशेब. ९० मिनिटं अधिक चालीला ३० सेकंद असेल तर ४० चालींत २० मिनिटं जादा मिळतात. एकूण ११०, म्हणजे चालीमागे पावणेतीन मिनिटं. स्कोअरशीटवर दर पाचव्या चालीला उरलेली मिनिटं लिहून ठेवा. दहाव्या चालीवर वीस मिनिटं गेलेली दिसली तर ती बहुधा ओपनिंग "आठवण्यात" गेलेली असतात.

स्पर्धेच्या हॉलमधल्या बारीकसारीक गोष्टी आधी कुणी सांगत नाही. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) करताना आधी राजाला हात लावायचा आणि सगळं एकाच हाताने करायचं. आधी हत्तीला हात लागला तर त्या बाजूचा किल्लेकोट गेला. नियमबाह्य चाल करून घड्याळ दाबलं की समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळतात, दुसऱ्यांदा झालं की डाव गेला. घरी आजोबांकडून देशी पद्धतीने शिकलेल्यांचं प्यादं एकेकच घर चालायचं आणि राजाला घोड्याची एक उडी असायची. ती सवय आधी मोडा. मे महिन्यात फेऱ्या असतील तर पाण्याची बाटली हवीच, आणि कूलर थेट मानेवर येतो ती खुर्ची मिळाली तर उपरणं. दिवसात दोन फेऱ्या असताना मधल्या वेळेत सावजी हाणून बसू नये, एवढं प्रेमाने सांगतो.

समोर आठ-नऊ वर्षांचं पोट्टं आलं तर हायसं वाटू देऊ नका. मुलांची तयारी त्यांच्या रेटिंगच्या पुढे धावत असते. ती भराभर खेळतात आणि आपणही नकळत त्यांच्या वेगाने खेळायला लागतो, तिथेच डाव जातो. वेग आपला ठेवायचा.

पहिलं रेटिंग कसं लागतं याचा गोंधळ पुष्कळांना असतो. त्यासाठी रेटिंगवाल्या खेळाडूंशी किमान पाच डाव व्हावे लागतात आणि पहिल्याच स्पर्धेत त्यांच्याविरुद्ध शून्य गुण आले तर ते डाव धरत नाहीत. मार्च २०२४ पासून हिशेबात १८०० चे दोन काल्पनिक प्रतिस्पर्धी घालून त्यांच्याशी बरोबरी धरतात. समजा पाच प्रतिस्पर्ध्यांची सरासरी १५५० आणि तुमचे गुण २. काल्पनिक दोघांसह सरासरी साधारण १६२१ होते आणि ७ डावांत ३ गुण. या टक्केवारीला फिडेच्या तक्त्यात उणे ५० आहे, म्हणजे रेटिंग १५७१ च्या आसपास. १४०० च्या खाली आलं तर रेटिंग लागतच नाही. त्यानंतर पहिल्या ३० डावांपर्यंत गुणक, म्हणजे एका डावामागे रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा, ४० असतो. बरोबरीच्या खेळाडूला हरवलं तर २० गुण वाढतात. २०० ने वरच्याशी हरलात तर दहाच्या आत जातात, जिंकलात तर तीस मिळतात. म्हणून सुरुवातीच्या स्पर्धांत वरच्या पटांवरची जोडी आली की कपाळाला आठ्या घालायचं कारण नाही.

दर फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची जोडी लावणाऱ्या स्विस पद्धतीत ती येतेच. पहिल्या फेरीत वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो, त्यामुळे नवख्याला बहुतेक वेळा तगडा माणूस मिळतो. तो डाव हरला तरी वहीत पहिल्या पानावर जातो. माझ्या वहीत आता धमकीचा खाना आटलाय आणि सगळ्यात भरलेला खाना घड्याळाचा आहे.