साडेनऊचा झूम आणि मम्मींचं पाणी

आमच्या वसईच्या घरात रोझरी, म्हणजे मारियेची जपमाळ, रोज होते, साडेआठला टीव्ही बंद, अल्तारापुढे मेणबत्ती, मम्मी म्हणजे माझ्या सासूबाई सुरू करणार आणि आम्ही मागून उत्तर देणार. मारियेची प्रार्थनाच 53 वेळा. खरं सांगते, पाच रहस्यं म्हणजे पाच टप्पे असतात, त्यातल्या तिसऱ्यापर्यंत माझं डोकं उद्याच्या डब्यात गेलेलं असतं, तोंड चालू आणि मन कुकरच्या शिट्ट्या मोजतंय.

तर मावसबहिणीने फॉरवर्ड पाठवला, ऑनलाइन प्रार्थना ट्रेनिंग, सहा मंगळवार, रात्री साडेनऊ, झूमवर. नवरा म्हणाला, सर्टिफिकेट पण देणार का? मलाही ते ट्रेनिंग वगैरे शब्द जरा ऑफिससारखेच वाटले. पहिल्या दिवशी सगळ्यांनी माइक चालू ठेवून ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना म्हटली, नेटमुळे कोणी अजून रोजच्या भाकरीच्या ओळीवर आणि कोणाचं आमेन पण झालं, नुसता बाजार! तेव्हापासून फादर एकटेच बोलायचे, बाकी सगळे म्यूट.

पण शिकवलं ते कामाचं. सेंट इग्नेशियस, म्हणजे जेझुइट फादरांचा संघ सुरू करणारा संत, ज्याचा सोबती आपला गोव्याचा झेवियर, त्याने झोपायच्या आधी दिवस परत बघायला सांगितलंय. आधी थँक्यू म्हणायचं, मग देवाकडे उजेड मागायचा, मग सकाळपासून तास तास उलटून बघायचे, चुकलं तिथे सॉरी, आणि उद्यासाठी मदत. पंधरा मिनिटं, पाठ काहीच नाही. त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकातली मूळ साधना 30 दिवस एकांतात बसून करायची, पण संसारी माणसाला ते कुठून जमणार, तर कामधंदा सांभाळून रोज थोडी थोडी करायची सोय त्याने स्वतःच 19 व्या टिपेत लिहून ठेवलीय. आणि हे पुस्तक पोपने मंजूर केलं 1548 साली! आम्हाला कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, कोणी का नाही सांगितलं देव जाणे.

रात्री मला पाच मिनिटांत झोप येते, म्हणून मी ते ट्रेनमध्ये संध्याकाळी करते. भाईंदर सुटलं की खाडीचा पूल लागतो, दाराजवळ वारा येतो, तेवढ्यात दिवस उलटायचा. परवा तिथेच आठवलं की सकाळी लेडीज डब्यात एका पोरीवर बॅग लागली म्हणून केवढी खेकसले होते, आणि ती बिचारी परीक्षेला चालली होती. पोटात खड्डाच पडला. रोझरीत असं कधी झालं नव्हतं.

शेवटच्या मंगळवारी मम्मी पण शेजारी येऊन बसल्या, चष्मा लावून. फादर म्हणाले, आजची एक गोष्ट आठवा ज्यासाठी आभार मानाल. सगळे गप्प, मी अजून काहीतरी मोठं शोधतेय आणि मम्मी स्क्रीनकडे बघत मोठ्याने म्हणाल्या, आज पाणी दोन तास आलं फादर, टाकी भरली.

आमचा माइक चालू राहिला होता.