ऊन पाण्याची बादली कितीला पडते?

आमचं घर गोव्यात माशेलला. मागच्या दारी न्हाणी, न्हाणीत चुलीवर बसवलेलं तांब्याचं भाण, म्हणजे पाणी तापवायचं मोठं भांडं, आणि भाणाखाली सकाळी साडेपाचला पेटणारी सोडणं (नारळाची सालं), करवंट्या नि चुडतांचे पिडे, म्हणजे माडाच्या झावळ्यांचे जाड देठ. गेल्या वर्षी न्हाणीचं छप्पर उतरवायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, आता भाण पुरे, गीझर बसवूया. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, तुळशीकडून म्हणाल्या, "सोडणां आसात न्हय गो? पयशे कित्याक मोडटा?" म्हणजे सरपण फुकट आहे, तर पैसे कशाला घालवतेस.

मी पतसंस्थेत हिशेब लिहिते. "फुकट" हा शब्द ऐकला की मला खाज सुटते. म्हटलं, एकदा मांडूनच बघू.

मांडायचं कसं, ते भाच्यामुळे सुचलं. तो अमेरिकेत मेन राज्यात असतो. तिथे बरीच घरं अजून तेल जाळून उबदार ठेवतात. नवीन घर घेताना त्याने मला फोनवर एक तक्ता दाखवला होता. एक गॅलन तेलात १,३८,५०० बीटीयू (हे तिकडचं उष्णतेचं माप), गॅलनभर प्रोपेनमध्ये साधारण ९१,५००, विजेच्या एका युनिटात ३,४१२. "मामी, गॅलन आणि युनिट यांची तुलनाच होत नाही. आधी सगळं एकाच मापात आणायचं, मग मशीन त्यातलं किती वाया घालवतं ते वजा करायचं." आम्हाला घर तापवायची गरज नाही, आमचं घर मे महिन्यात आपलं आपणच तापतं. पण आंघोळीचं पाणी बाराही महिने लागतं. माझं माप ठरलं: १८ लिटरची एक बादली.

हे शाळेत विज्ञान शिकवतात, त्यांनी प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणला. विहिरीचं पाणी २७ अंश. आम्हाला अंगावर घ्यायला बरं वाटतं ते ४२. म्हणजे १५ अंश चढवायचे. एक युनिट वीज ८६ लिटर पाणी १० अंशांनी तापवते, हा आकडा ह्यांना तोंडपाठ. त्या हिशेबाने बादलीला ०.३१ युनिट. ही झाली पाण्यात जायलाच हवी ती उष्णता. इंधन कुठलंही घ्या, यातून सुटका नाही.

विजेच्या हिशेबात मी पहिल्याच दिवशी चुकले. बिलाची रक्कम भागिले युनिटं केलं आणि दर काढला. त्यात स्थिर आकारही येतो, आणि तो तर गीझर लावला काय नि न लावला काय, भरायचाच आहे. शिवाय गोव्यात घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. गीझरची युनिटं आधीच्या वापरावर चढतात, म्हणून त्यांना सरासरी दर लावायचा नाही, आपण ज्या शेवटच्या टप्प्यात आहोत तो लावायचा. आमच्या वापराला सगळे अधिभार धरून मी चार रुपये धरले.

मग प्रत्यक्ष मोजणी. घरी जुना १,५०० वॅटचा रॉड होता. एका रविवारी फ्रीजसकट सगळं घर बंद केलं, बादलीत रॉड टाकला आणि मी मीटरपुढे उभी राहिले. आमच्या मीटरवर ३,२०० इम्पल्सना एक युनिट असं लिहिलंय, म्हणजे लाल दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. १,५०० वॅटला मिनिटाला ८० लुकलुकी यायला हव्यात. आल्या ७१. मी रॉडलाच शिव्या घालायच्या बेतात होते, पण हे म्हणाले, व्होल्टेज कमी आहे. खरंच, त्याने पाणी तापायला वेळ जास्त लागतो, युनिटं मात्र तेवढीच. रॉड सगळ्यात स्वस्त, जवळजवळ सगळी उष्णता पाण्यातच जाते. पण ओल्या न्हाणीत, उघड्या बादलीत, पोरं घरात. तो मी त्याच दिवशी माळ्यावर टाकला.

नणंदेकडच्या २५ लिटरच्या गीझरमधून बादलीला ०.३५ युनिट पडलं, म्हणजे १ रुपया ४० पैसे. चौघांचा महिना १६८ रुपये. हे वाचून कुणी खूश होईल तर थांबा. नणंद गीझर सकाळी लावते तो रात्री झोपताना बंद करते. एका रविवारी कुणीच पाणी घेतलं नाही तेव्हा मी नुसता त्याचा दिवा बघत बसले. बारा तासांत मधूनमधून मिळून पंधरा मिनिटं पेटला. दोन किलोवॅटचं ते यंत्र, म्हणजे अर्धं युनिट निव्वळ टाकी गरम ठेवण्यात गेलं. चोवीस तासांचं धरलं तर एक युनिट, महिन्याचे १२० रुपये, आणि त्या पाण्याने कोणी नखसुद्धा धुतलं नाही.

गॅस. पाईपचा आमच्या वाड्यावर पोचलेला नाही, तेव्हा सिलिंडर. १४.२ किलोला मी ८७० रुपये धरले, किलोला ६१ रुपये. जाऊबाईंकडे गॅस गीझर आहे, त्याचा सिलिंडर वेगळा. दहा दिवस चार-चार बादल्या मोजून घेतल्या आणि सिलिंडर आधी-नंतर काट्यावर लटकवला. १ किलो ४०० ग्रॅम गेला. बादलीला ३५ ग्रॅम, २ रुपये १४ पैसे. विजेपेक्षा महाग, हे जाऊबाईंना पटलं नाही. "सिलिंडर किती दिवस जातो!" हेच त्यांचं उत्तर.

त्यांच्याकडे मला भलतीच गोष्ट दिसली आणि हिशेब बाजूला राहिला. गीझर न्हाणीघराच्या आत, आणि वारा येतो म्हणून झरोक्याला प्लॅस्टिक लावलेलं. बंद खोलीत गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. माणूस आत बेशुद्ध पडतो आणि बाहेरच्यांना वाटतं आंघोळ चाललीय. मी प्लॅस्टिक तिथेच फाडलं. भावजींनी आठवड्याभरात गीझर बाहेरच्या भिंतीवर घेतला. या सगळ्या खटाटोपातून दुसरं काही हाती लागलं नसतं तरी चाललं असतं.

आता भाण. चार बादल्यांना तीन किलो सरपण जळलं, मी टोपलीसकट वजन केलं. किलोभर सुक्या लाकडात चार युनिटांएवढी उष्णता असते. म्हणजे आम्ही बारा युनिटांएवढं जाळलं आणि सव्वा युनिटाएवढं पाण्यात गेलं. बाकीचं धुरात, तांब्यात, चुलीच्या चिऱ्यांत. पावसाळ्यात तर सोडणं ओलसर होतात, त्यांतलं पाणी सुकवण्यातही थोडी आग जाते. विकतचं लाकूड गेल्या पावसाआधी आम्हाला किलोला आठ रुपये पडलं होतं. त्या भावाने बादली सहा रुपयांची! विजेच्या चौपट. मी आईंना विजयी मुद्रेने सांगितलं. त्या म्हणाल्या, विकत कोण घेतो? तेवढ्यावर माझा रकाना अडला. माडांची सोडणं आणि पिडे कुठेतरी जाळायचेच आहेत, त्यांना भाव काय लावणार? माडावर चढून नारळ पाडणाऱ्या पाडेल्याची मजुरी नारळांवर टाकायची की सरपणावर? पण आईंचं पहाटे उठणं, फुंकणीचा धूर नि त्यांचा खोकला, यांना मात्र भाव आहेच. तो रुपयांत कसा लिहायचा ते मला सुचलं नाही.

मध्येच सौर पाणी-तापकाचा विक्रेता येऊन गेला. दीडशे लिटर, २८,००० रुपये, "मॅडम, गरम पाणी आयुष्यभर फुकट." पुन्हा तोच शब्द. माझी वही तयार होती. जून ते सप्टेंबर गोव्यात ऊन धरायचं नाही, त्या चार महिन्यांत टाकीतलं विजेचंच कॉइल चालणार. उरलेले आठ महिने, महिना १६८ प्रमाणे वाचले १,३४४ रुपये वर्षाला. भांडवल फिटायला जवळजवळ एकवीस वर्षं, आणि तोवर टाकी गंजली नाही तर. घरी पाहुण्यांच्या खोल्या असत्या, दिवसाला तीस बादल्या लागत असत्या, तर मी तिथल्या तिथे आगाऊ रक्कम दिली असती. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या हीट पंपाचंही तसंच. गोव्याच्या दमट उबदार हवेत तो एका युनिटात तिपटीने उष्णता देतो, यंत्र म्हणून सुरेख. पण आमची महिन्याची बचत शंभर-सव्वाशे रुपये. किंमत ऐकून ह्यांनी पेन खाली ठेवलं.

शेवटी लहान, पंधरा लिटरचा गीझर घेतला, त्याचं बटण मुद्दाम दाराबाहेर, जाता-येता दिसेल असं. पहिला माणूस आत जायच्या आधी वीस मिनिटं लावायचा, शेवटचा बाहेर आला की बंद. आणि छप्पर घालताना गवंड्याला सांगून भाणाची चूलही नव्याने बांधून घेतली, धुराडं उंच केलं. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायच्या दिवसांत आईंनी सोडणं पडवीत रचली ती आढ्यापर्यंत.

जुलैत आंबा पडून तारा तुटल्या. अडीच दिवस वीज नव्हती. माझा गीझर गप्प. जाऊबाईंचा गॅसचा चालायला हवा होता, पण पंप बंद म्हणून वरची टाकी रिकामी झाली, आणि नळाला धार नसेल तर तो पेटतच नाही. आम्ही विहिरीला कळशी सोडली, भाण भरलं, आईंनी आग केली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीतून बाहेर आले तर दारात भावजी, दोन्ही पुतणे आणि त्यांच्यामागे जाऊबाई, खांद्यावर टॉवेल नि हातात रिकामी बादली घेऊन.