जांबोटीच्या माडीवरची दोरी

मी बेळगावात वडगावला असतो, सुतारकाम आणि पॉलिश दोन्ही करतो, वडिलांपासूनचा धंदा आहे. लाकडी जमिनीचं काम आता फारसं येत नाही, नव्या घरांत सगळीकडे टाइल्सच, पण खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडे जुन्या घरांना अजून सागवानी फळ्यांच्या माड्या आहेत आणि तिकडून वर्षाकाठी एक-दोन फोन येतातच. त्यातलंच हे एक काम, २०२२ सालचं. त्यानंतर मी फिलरचा, म्हणजे फटी-भोकं बुजवायच्या मसाल्याचा, डबा उघडायच्या आधी दहा वेळा विचार करतो.

एप्रिलमध्ये गेलो होतो. घरात वैशाखातलं लग्न. काकूंचं म्हणणं एवढंच की माडीवर भात ठेवतो, वर कुणी चाललं की फटीतनं कोंडा आणि धूळ खाली चुलीवर पडते, "तेवढं बुजवून दे बाबा लग्नाच्या आधी, पाव्हणे येणार आहेत." १४ फळ्या होत्या, प्रत्येक ८ इंची, आणि मधे फटी, कुठे बारीक कुठे रुंद. फटीत काळंकुट्ट काहीतरी चिकटून बसलेलं, वर्षानुवर्षांचा मळ असणार असं धरून मी आणि पोऱ्याने ते हुकानं ओढून ओढून काढलं आणि परड्यात नेऊन टाकलं. मग सागवानाचा बारीक भुसा आणि सुतारकामाचा पांढरा गोंद कालवून सगळ्या फटी गच्च भरल्या, वाळल्यावर ८० नंबरचा पेपर मारला, पॉलिश केलं. फटीच्या जागी जरा वेगळ्या रंगाच्या रेघा आल्या, कारण गोंद लाकडाची छिद्रं बंद करतो आणि तिथे पॉलिश मुरत नाही, पण एकंदर जमीन अशी दिसत होती की काकूंनी शेजारच्यांना वर बोलावून दाखवली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. "अरे, माडीचं दार उघडंना झालंय, आणि मधल्या फळ्या वर आल्यात बघ, पाय ठेवायला भ्या वाटायलंय."

जुलैत जांबोटीला जाणं म्हणजे काय ते तिकडच्या लोकांना सांगायला नको, कणकुंबीला मलप्रभा उगम पावते त्याच पट्ट्यातला पाऊस, रेनकोट घालून काही उपयोग नाही. भिजतच माडीवर चढलो. मधल्या दोन फळ्या एकमेकींना टेकून तंबूसारख्या उठल्या होत्या, चांगल्या दोन बोटं. खिळे तुळईतनं उपसून आलेले. आणि मी भरलेला मसाला जसाच्या तसा, दगडासारखा, एका ठिकाणी तर त्याने फळीची कड चेचून टाकली होती. मसाला पक्का झाला होता हीच तर अडचण होती.

पट्टी लावून मोजलं. एप्रिलमध्ये वहीत ८ इंच लिहिलेली फळी आता ८ इंच आणि वर पाऊण सूत भरत होती, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं, हवेतला ओलावा पितं आणि फुगतं, उन्हाळ्यात परत आखडतं, सागवान इतर लाकडांपेक्षा कमी पण तेही फुगतंच. हे मला माहीत नव्हतं असं नाही, दारं-खिडक्या बसवताना मी स्वतः पावसाळ्याची सोड ठेवतो. पण १४ फळ्यांचे पाऊण-पाऊण सूत म्हणजे सव्वा इंचाच्या वर होतं हा हिशोब मी केलाच नव्हता. ती सव्वा इंच जागा फटींमध्ये होती आणि मी ती बुजवली होती. फळीला जायला जागाच नाही म्हटल्यावर ती वरच येणार, आणि दाराजवळची फळी सरकून दाराला भिडणार.

पटाशी घेऊन बसलो मसाला फोडत. एका फटीला पाऊण तास. काकू काही बोलल्या नाहीत, फक्त चहा दोनदा वर आणून दिला, मला त्याचंच जास्त लागलं. दुपारी पोऱ्याने कोपऱ्यातली कणगी सरकवली, एप्रिलमध्ये ती भरलेली होती म्हणून तिच्याखाली आम्ही हातच लावला नव्हता. तिथल्या फळ्या एकदम सपाट, आणि फटीत तोच काळा मळ. पोरगा बैलहोंगलकडचा, त्याने नखाने थोडा उकरला, बोटात घेऊन चोळला आणि म्हणाला, "अण्णा, इद हग्ग ऐत्री." कानडीत हग्ग म्हणजे दोरी. मी हातात घेतली तर खरंच, तागाची सुतळी, तेल की राळ कशात तरी भिजवलेली, पीळ अजून दिसत होता. फळी फुगली की दोरी दबते, आखडली की सैल होते पण जागा सोडत नाही, आणि धूळ काही खाली पडत नाही. कुणा जुन्या सुताराने करून ठेवलेलं ते काम मी कचरा म्हणून परड्यात टाकून आलो होतो. काकूंना दाखवलं तर म्हणाल्या, सासरे दर दोन-चार वर्षांनी दोरी घालून घ्यायचे, ते गेल्यावर कुणी बघितलंच नाही.

त्या दिवशी फळ्या ठोकून बसवल्या नाहीत. फटी मोकळ्या केल्या, भिंतीकडेची एक फळी काढून तिची कड तीन सूत रंध्याने उतरवली, दार सुटलं, आणि सांगून आलो की आता फेब्रुवारीत येतो, पैसे नकोत.

फेब्रुवारीत तीन दिवस काम केलं. जे भोक जागचं हलत नाही त्यालाच कडक फिलर, हे तेव्हा ठरवलं ते आजपर्यंत पाळतोय. खिळ्यांची भोकं आणि गाठी यांना त्याच जमिनीचा घासलेला भुसा, पण गोंदात नाही, चपड्याच्या (लाखेच्या) घट्ट पॉलिशमध्ये कालवून, कारण मग वरून पॉलिश केलं की रंग मिळून येतो. रंग बघायचा तर फळीवर थिनरचा फडका फिरवून बघायचा, पॉलिशनंतर साधारण तोच दिसतो, डब्यावर सागवान लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नये. मसाला वाळताना बसतो म्हणून दोन वेळा भरायचा आणि शेवटी जरा उंच ठेवून घासायचा. खिडकीखाली पावसाच्या पाण्याने टाचेएवढी जागा कुजली होती, ती टणक लाकूड लागेपर्यंत कोरून एपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारा गोंद) आणि भुसा, पण आधी थिनरने पुसून, सागवानात तेल असतं आणि तेलावर एपॉक्सी धरत नाही. भिंतीची पुट्टी लोक लाकडात भरतात ना, ती पायाखाली भुगा होऊन निघते, ती कधीच भरू नका.

आणि फटींना सुतळी. जवसाच्या तेलात रात्रभर भिजवून पिळलेली, पटाशीच्या पाठीने हलकेच दाबून. काकू जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून बघत होत्या, आणि मी जरा जोर लावला की लगेच म्हणायच्या, "गच्च नको, गच्च नको, मामंजी बोटानंच दाबायचे."