घोडागाडीच्या पल्ल्यावर वसलेली गावं

अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या नकाशावर बर्लिंग्टन रेल्वेची जुनी लाइन धरून पश्चिमेकडे जा. क्रीट, डॉर्चेस्टर, एक्सेटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड, इनलँड, जुनियाटा, केनेसॉ, लोवेल. इंग्रजी वर्णमालेतला सी ते एल! १८७०च्या दशकात रूळ पुढे सरकत गेले तशी रेल्वेने ही नावं ओळीने लावली.

दोन स्टेशनांमधलं अंतर साधारण १०-१५ किलोमीटर. घोडागाडीत दीड टनाच्या आतबाहेर गहू भरून शेतकऱ्याने निघायचं, माल उतरवायचा आणि दिवस मावळायच्या आत घरी परतायचं, एवढाच हा पल्ला. रूळ राखणाऱ्या गँगलाही तेवढाच टप्पा झेपायचा.

गावाचा प्राण म्हणजे एलिव्हेटर, धान्याचं उंच कोठार. आडव्या फळ्या एकावर एक खिळ्यांनी ठोकून त्याच्या भिंती उभारत. तळाशी धान्याचा दाब जास्त, म्हणून तिथल्या फळ्या रुंद. इंजिनाच्या ठिणग्यांपासून बचाव म्हणून बाहेरून पत्रा. गाडी खड्ड्यात रिकामी झाली की पट्ट्यावरच्या वाट्या धान्य वर नेत आणि तिथून ते नळीने हव्या त्या कप्प्यात पडे. खरा धोका या पट्ट्याचाच. खाली धान्य तुंबलं की पट्टा अडकतो, पण वरची पुली फिरतच राहते. घासून घासून ती तापते आणि धूळ पेट घेते. अशी कितीतरी कोठारं जळाली.

मालडब्याच्या दाराला आतून फळ्या ठोकून त्यात ४०-४५ टन धान्य भरत. १९६०च्या दशकात सुमारे ९० टन मालाचे बंद हॉपर डबे (तळातून माल रिकामा होणारे) रुळले, आणि माझ्या मते या गावांवर खरा घाव तिथेच बसला. भरलेला डबा जवळपास १२० टनांचा, म्हणजे एका आसावर ३० टन. ब्रँच लाइनवरचे, म्हणजे मुख्य मार्गापासून फुटणाऱ्या फाट्यावरचे, मीटरला ३० किलोचे जुने रूळ आणि लाकडी पूल हे वजन पेलणारे नव्हतेच. ते बदलण्याइतका माल एका गावातून निघत नव्हता, आणि ट्रकवाल्या शेतकऱ्याला ४० किलोमीटरही जवळच. रस्ते आणि ट्रक यांनी गावं मारली असं सरसकट म्हणतात, पण ते अर्धंच खरं. रेल्वेवरची सरकारी बंधनं सैल करणाऱ्या १९८०च्या स्टॅगर्स कायद्यानंतर तोट्यातल्या लाइनी बंद करणं आणखी सोपं झालं.

मेन लाइनवरची गावं तगली. ब्रँचवरचं गाव आज ओळखायचं तर मुख्य रस्ता कुठे थांबतो ते पाहा. तो थेट एका ३० मीटर रुंद, गवताळ पट्ट्यावर जाऊन संपतो. चौकोनी शेतांना तिरका छेदत जाणारा तो पट्टा म्हणजेच रुळांची जागा.