मिथेनॉलचं शिखर सेकंदाला 14 किलोमीटर बाजूला

टीडब्ल्यू हायड्रे या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीच्या तबकडीत वायुरूप मिथेनॉल आहे, हे चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून 2016 साली प्रसिद्ध झालं. पुढे एके दिवशी मी तोच डेटा नव्याने तपासत होतो आणि आलेखात अपेक्षित जागी नुसता गोंगाट होता.

मिथेनॉलचे रेणू ठरावीक वारंवारतांवर उत्सर्जन करतात, त्यांना रेषा म्हणतात. इथे रेषा तीन: 304.208, 305.473 आणि 307.166 गिगाहर्ट्झ. एकेकटी रेषा प्रतिमेत दिसतच नाही, म्हणून तिन्हींचा सिग्नल एकत्र करायचा. त्यासाठी फिरत्या तबकडीचं मॉडेल घेतलं: ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या 0.8 पट, तबकडीचा आपल्याकडचा कल 7 अंश, वायू 30 ते 100 खगोलीय एककांच्या पट्ट्यात (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर). हे मॉडेल डेटावर एकेक चॅनेल, म्हणजे वारंवारतेचा (म्हणून वेगाचा) एकेक अरुंद कप्पा, सरकवत न्यायचं. जिथे जुळेल तिथे शिखर. ताऱ्याचा वेग सेकंदाला 2.84 किलोमीटर, म्हणजे शिखरही तिथेच हवं.

शिखर होतं, पण सेकंदाला सुमारे 14 किलोमीटर अलीकडे. गोंगाट म्हणून ते सोडून देणं सोपं होतं.

खरी गोष्ट अशी, की आल्माच्या कच्च्या डेटातली वारंवारता दुर्बिणीच्या जागेवरून मोजलेली असते. निरीक्षणं वर्षअखेरची. त्या दिवसांत पृथ्वी या ताऱ्याच्या दिशेने सेकंदाला साधारण 24 किलोमीटर वेगाने जात असते. त्यात सूर्याची स्वतःची गती धरली की फरक 14 वर येतो. 305 गिगाहर्ट्झला तेवढ्याने रेषा 14 मेगाहर्ट्झ सरकते. रेषेची रुंदी जेमतेम 1 मेगाहर्ट्झ! धुळीचं सलग उत्सर्जन वजा करताना रेषेचे चॅनेल वगळायचे असतात, तेही मी याच चुकीच्या जागी वगळले होते. एमएसट्रान्सफॉर्म या डेटा-प्रक्रियेच्या आज्ञेने डेटा एलएसआरके चौकटीत (जवळच्या ताऱ्यांची सरासरी गती स्थिर मानून वेग मोजणारी; 2.84 हा वेग तिच्यातलाच) आणला, वजाबाकी पुन्हा केली, आणि शिखर 2.84 वर आलं.

एवढा खटाटोप मिथेनॉलसाठीच का? फॉर्मल्डिहाइड हा दुसरा साधा सेंद्रिय रेणू वायूतही तयार होतो, मिथाइल (CH₃) आणि ऑक्सिजनच्या अणूपासून. मिथेनॉलला वायूत असा सोयीचा मार्ग नाही. ते धुळीच्या कणावर गोठलेल्या कार्बन मोनॉक्साइडवर हायड्रोजनचे अणू एकेक करून बसत गेल्यावर घडतं, आणि कार्बन मोनॉक्साइड गोठायला तापमान 20 केल्विनच्या आसपास लागतं. मिथेनॉलचं बर्फ मात्र 100 केल्विनजवळ उडतं. बाहेरच्या थंड पट्ट्यात ते अतिनील किरणांनीच सुटतं, आणि सुटताना बहुतेक रेणू तुटतात. दुर्बिणीला दिसतो तो या तुटीतून वाचलेला थोडासा वायू. बर्फ किती आहे ते त्यावरून थेट काढता येत नाही.