आय५-२५००के @ ४.२ गिगाहर्ट्झ: मे महिन्यात टिकणारं ओव्हरक्लॉक

इंटेलच्या आय५-२५००के प्रोसेसरला ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं (ओव्हरक्लॉक) सेटिंग पक्कं झालं: मल्टिप्लायर ४२, बीसीएलके म्हणजे मूळ क्लॉक १०० मेगाहर्ट्झ (दोन्हींचा गुणाकार म्हणजे चिपचा वेग), लोडखाली १.२३ व्होल्ट. ही चिप १.३८ व्होल्टवर ४.६ गिगाहर्ट्झलाही चालते. तरी ४.२ वरच थांबलोय. का, ते खाली आकड्यांत देतो.

सँडी ब्रिज, २०११ सालची, ३२ नॅनोमीटर, ९५ वॅट. डब्यावर टर्बो, म्हणजे चिप आपोआप गाठते तो वेग, ३.७ लिहिलेला असतो, पण तो एकाच कोअरला. चारही कोअर राबायला लागले की ३.४ वर येते, म्हणजे ४.२ ला खऱ्या कामात ८०० मेगाहर्ट्झ जास्त मिळतात. चिपवरचं धातूचं झाकण (हीट स्प्रेडर) सोल्डर केलेलं आहे, त्यामुळे ते उघडायच्या फंदात पडू नका. बीसीएलके १०० वरच ठेवा. पीसीआय एक्सप्रेस आणि साटाचा क्लॉकही त्याच्यावरच चालतो, तो वाढवला की आधी डिस्कवरचा डेटा धोक्यात येतो. बोर्ड पी६७ किंवा झेड६८ सारख्या चिपसेटचा हवा. एच६१ वर मल्टिप्लायर वाढत नाही.

सुरुवात करण्याआधी तीन कामं. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. इतक्या वर्षांत तो उतरलेला असतो आणि लाइट गेली की बायोसची सेटिंगं उडतात. चिप आणि कूलरमधली जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून मधोमध वाटाण्यापेक्षा लहान ठिपका ठेवा. कूलर १२० मिलीमीटर पंख्याचा टॉवर, बॅकप्लेट आणि स्क्रूवाला; स्क्रू तिरक्या जोड्यांनी थोडे थोडे आवळायचे, नाहीतर एक-दोन कोअर उगीचच बाकीच्यांपेक्षा गरम दिसतात. डेटाचा बॅकअप घ्या. पहिल्या चाचण्या पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून, हार्ड डिस्कची केबल काढून केल्या तर उत्तम.

बायोसमध्ये रॅम १३३३ वर आणि १.५ व्होल्टवर. मल्टिप्लायर ४० पासून एकेक पायरी वर. व्होल्टेज ऑटोवर कधीच सोडू नका, बोर्ड गरजेपेक्षा बरंच जास्त देतो. ऑफसेट मोड (चिप स्वतः मागते त्या व्होल्टेजमध्ये ठराविक आकडा अधिक-उणे करणं) वापरला की रिकाम्या वेळी चिप १६०० मेगाहर्ट्झवर उतरते आणि व्होल्टेजही उतरतं. पण ऑफसेट फार उणे केला तर मशीन लोडखाली ठणठणीत चालतं आणि रिकामं बसल्यावर गोठतं, कारण तोच उणे आकडा खालच्या व्होल्टेजलाही लागतो. लोडलाइन (लोडखाली व्होल्टेज खाली पडू न देणारं सेटिंग) मधल्या पातळीवर. पूर्ण वर नेली तर लोड अचानक सुटताना व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं, आणि ती उसळी सॉफ्टवेअरमध्ये दिसतही नाही.

प्रत्येक पायरीला प्राइम९५ या ताण-चाचणीच्या प्रोग्रामची स्मॉल एफएफटी चाचणी, मग रात्रभर त्याचीच ब्लेंड चाचणी. निळ्या पडद्यावर ०x१२४ किंवा ०x१०१ आला तर बहुतेक वेळा व्होल्टेज कमी पडलेलं असतं; ०.०१ वाढवून पुन्हा. क्रॅश नाही म्हणजे स्टेबल, असं धरू नका. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून डब्ल्यूएचइए १९ ही हार्डवेअरच्या चुकीची नोंद शोधा. ती दुरुस्त झालेली चूक असते, म्हणजे चिप काठावर उभी आहे.

आता थांबण्याचं कारण. उष्णता साधारण फ्रिक्वेन्सी गुणिले व्होल्टेजचा वर्ग या हिशेबानं वाढते. ४.२ ला १.२३, ४.६ ला १.३८. वेग वाढतो साडेनऊ टक्के, उष्णता सुमारे ३८ टक्के. ४.२ ला कोअर खोलीपेक्षा ४४ अंशांनी वर जातात, म्हणजे ४.६ ला साधारण ६० नी. जानेवारीत खोली २२ वर असताना ४.६ चे कोअर ८२ दाखवतात आणि सगळं आलबेल वाटतं. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखालची खोली ३६ ला पोचली की तोच आकडा ९६. या चिपची मर्यादा ९८ आहे! ४.२ ला मात्र मे महिन्यातही ८० च्या आसपासच राहतं. म्हणून लॉगमध्ये नुसतं कोअरचं तापमान लिहू नका, खोलीचंही शेजारी लिहा. हिवाळ्यात चाचणी केली असेल तर फरक काढा आणि त्यात ३६ मिळवा.

एक गोष्ट हमखास सुटते: व्हीआरएम, म्हणजे बोर्डवरचा चिपला व्होल्टेज पुरवणारा भाग. चिपबरोबरचा मूळ कूलर खाली वारा मारायचा, तो व्हीआरएमवरही जायचा. टॉवर कूलर वारा आडवा फेकतो. कोअर गार असूनही लोडखाली वेग मध्येच घसरत असेल तर बायोसमधली पॉवर लिमिट (चिपला किती वॅट घेऊ द्यायचे ती मर्यादा) तपासा, आणि ती ठीक असेल तर व्हीआरएमकडे तोंड करून ८० मिलीमीटरचा एक पंखा लावा.

कोल्हापुरात उद्यमनगर किंवा शिरोलीच्या कारखान्यांच्या बाजूला मशीन असेल तर धुळीची जाळी दर महिन्याला काढा. पावसाळ्यात दमट धूळ फिन्समध्ये चिकटून बसते, ब्लोअरनंही निघत नाही, ब्रशच लागतो. फरक ४४ वरून ५० कडे सरकला की आधी फिन्स बघायच्या, पेस्टचा नंबर नंतर.

पुढचं काम रॅम १६०० ला नेणं, १.५ व्होल्टवरच. त्या वेळी मल्टिप्लायर परत ३३ वर ठेवून आधी मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम. दोन्ही एकदम बदलले तर चूक कुणाची ते कळत नाही.